सारख्या मशीनवर

आमच्या ह्यांना समोर बसून स्वतःचा सामना बघवत नाही, म्हणून स्पर्धेत त्यांचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम मी चालवते. चालवते म्हणजे फार काही करत नाही. पडद्यावर आमच्या प्रोग्रॅमची चाल उमटली की ती लाकडी पटावर खेळायची, घड्याळाची कळ दाबायची, आणि समोरच्याची चाल आली की ती टाइप करायची. एरवी मी शाळेत भूगोल शिकवते. घोडा अडीच घरं जातो आणि उंट तिरका, एवढ्यावर माझं बुद्धिबळ संपतं. पण ह्या कामाला डोकं लागतच नाही, उलट नसलेलं बरं, असं हेच म्हणतात. त्यावर मी त्यांना जे म्हणते ते इथे लिहीत नाही.

हे स्वतः बाहेर व्हरांड्यात फेऱ्या मारतात. घामाघूम होतात, पाणी पितात, पुन्हा फेऱ्या. अंतिम सामन्याच्या दिवशी तर सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मी बिस्किटांचा पुडा पुढे केला तर म्हणाले, "आधी संपू दे सगळं." जसं काही ऑपरेशनच होतं.

त्यांची घालमेल मला कळत होती, कारण त्या दिवशी पणाला लागलं होतं ते करंडकापेक्षा मोठं होतं. हे एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी करतात आणि संध्याकाळी गॅलरीला काचा लावून केलेल्या खोलीत बसून हा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहितात. आमची मुलगी रांगत होती तेव्हा सुरू केला, आता ती नोकरीला लागली. दरवर्षी स्पर्धा, आणि दरवर्षी हार. हरायचं कारणही दरवर्षी एकच. समोरचे लोक विद्यापीठातून, नाहीतर मोठ्या कंपन्यांतून कपाटाएवढी मशीनं वापरणार, आणि आम्ही घरच्या कॉम्प्युटरचा डबा काखोटीला मारून जाणार. "धावण्याच्या शर्यतीत एकाला सायकल दिलीय, आणि वर म्हणतात बघा कसा पळतो!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणेन.

खरं होतं ते, मी नाही म्हणत नाही. पण ह्यांनी त्याचं पुढे व्रतच घेतलं. स्पर्धेच्या समितीला पत्रं, मग अर्ज, मग फोन. समितीच्या नाकी नऊ आणले. शेवटी कंटाळून त्यांनी ह्यांनाच नियम बनवायला समितीवर घेतलं. हे असे खूश झाले की जेवताना मला एकेक कलम वाचून दाखवायचे. सगळ्यांना एकाच कंपनीची, एकाच दिवशी आणलेली मशीनं. ती सगळ्यांसमोर सील करायची. सील झाल्यावर चिठ्ठ्या टाकायच्या, म्हणजे कुठलं कुणाच्या वाट्याला येणार ते आधी कुणालाच माहीत नसणार. दोघांचे पडदे दोघांना दिसले पाहिजेत. मशीनमध्ये बिघाड निघाला तर पंचांना सांगायचं, मग दोन्ही मशीनं तपासून डाव पुन्हा पहिल्यापासून. आणि सील जो कुणी तोडेल, मग ते स्वतःच्या मशीनचं असो की दुसऱ्याच्या, तो तिथल्या तिथे हरला.

"आता कळेल," हे म्हणाले होते, "कुणाच्या डोक्यात किती आहे ते."

मी आमटी वाढत होते. माझा हात थांबला. कारण मला त्या क्षणी लख्ख कळलं की आता हरलो तर ह्यांच्यापाशी सांगायला काही उरणार नाही. इतकी वर्षं ह्यांना उभं ठेवलं होतं ते त्या प्रोग्रॅमनं नाही, मोठ्या मशीनांच्या रागानं. आणि तो राग त्यांनी स्वतःच्याच हातानं मोडीत काढला होता. त्यांना ते कळलं होतं की नाही, देव जाणे. त्या दिवसापासून त्यांची झोप मात्र उडाली.

अंतिम सामन्यात समोर आला स्वेटर. त्याचं हे नाव मीच ठेवलंय. सभागृहातला गारवा सोसत नाही म्हणून तो कायम एक विटका स्वेटर घालून येतो. विद्यापीठात शिकवतो, मागची बरीच वर्षं तोच जिंकतोय, आणि वागायला इतका साधा आहे की मनापासून रागही धरता येत नाही. बसताना मला म्हणाला, "वहिनी, थर्मासमध्ये चहा आहे, लागला तर संकोच करू नका." मी मनात म्हटलं, चहा कसला पाजतोस, एकदा हरून दाखव.

अंतिम सामन्यासाठी दोन कोरी मशीनं खोक्यातून काढली होती. पाठ्यपुस्तकाएवढ्या त्या चपट्या पेट्या. सील करायचा मान अर्थातच ह्यांचा. पहिल्या पेटीच्या झाकणाच्या कडेनं ह्यांनी कागदाची अरुंद पट्टी फिरवली आणि सही केली. दुसऱ्या पेटीच्या वेळी पट्टीचं रीळ संपलं. मग पंचबाईंनी खोकी बंद करायची रुंद चिकटपट्टी काढून दिली. आमचे हे कुठल्याही गोष्टीत एकदा करून थांबतील तर शपथ. त्यांनी त्या रुंद पट्टीचे चांगले दोन वेढे दिले, वर दाबून दाबून बसवले आणि त्यावर सही ठोकली. नंतर चिठ्ठ्या टाकल्या. रुंद पट्टीची पेटी स्वेटरकडे गेली, अरुंद आमच्याकडे. हे व्हरांड्यात पळाले आणि मी घड्याळाची कळ दाबली.

पहिला तासभर काहीच घडलं नाही. म्हणजे घडत असेल, मला कळत नव्हतं. दोन्ही पडद्यांच्या कोपऱ्यात एक आकडा सारखा हलत असतो. प्रोग्रॅम दर सेकंदाला किती चाली तपासतोय ते त्यावरून कळतं. हा आकडा मात्र मला ओळखीचा, कारण घरी हे रोज जेवणाआधी तो मला मोठ्यांदा सांगतात, दुसऱ्यांचे नवरे क्रिकेटचा स्कोअर सांगतात तसा. आमचा चौदा-पंधरा लाखांत होता. स्वेटरचाही तेवढाच. सारखी मशीनं, सारखे आकडे. मला बरं वाटलं.

मग मी पुन्हा पाहिलं तेव्हा स्वेटरचा आकडा अकरा लाख होता.

मी म्हटलं, असेल. डाव गुंतागुंतीचा झाला की आकडा हलतो. थोड्या वेळानं तो नऊ लाख झाला. मग आठ. आमचा होता तिथेच. आणि तेवढ्यात स्वेटरच्या प्रोग्रॅमनं अशी काही चाल केली की मागे बसलेल्या प्रेक्षकांत कुजबुज झाली. आमच्या पडद्यावरचा, कोण वरचढ आहे ते सांगणारा अंदाज, इतका वेळ बरोबरीत अडकलेला, आमच्या बाजूनं सरकला. एक प्यादं आम्ही फुकटात खाल्लं. मला आनंदानं उडी मारावीशी वाटली, पण नजर पुन्हा त्याच्या आकड्याकडे गेली.

स्वेटर निवांत होता. पेन्सिल चावत चाली लिहीत होता. आपला आकडा घसरलाय हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. येणार कसं? त्याची आयुष्यभराची सवय कोटींची. पंधरा लाख काय आणि आठ लाख काय, त्याला दोन्ही सारखेच क्षुल्लक. हसून मला म्हणाला, "आज आमचं पोरगं जरा दमलंय."

मी त्याच्या पेटीकडे पाहिलं. रुंद पट्टी झाकणाच्या कडेवरून खाली उतरून मागच्या बाजूला, जिथे हवा जायला बारीक फटी असतात, तिथे घट्ट बसली होती. दोन वेढे. त्यावर ह्यांची वळणदार सही. उन्हाळ्यात घरचा डबा तापला की हे त्याच्यामागे टेबलफॅन लावून बसतात, त्यामुळे तापलेलं मशीन मंदावतं हे मला कुणी सांगायला नको होतं. पेटी आतल्या आत गुदमरत होती.

पहिला विचार आला तो स्वेटरचा नाही, खरं सांगते. पहिला विचार असा, की लोक म्हणतील ह्यांनी मुद्दाम केलं. पट्टी ह्यांची, सही ह्यांची, फायदा ह्यांचा. चिठ्ठ्या नंतर टाकल्या होत्या हे कोण लक्षात घेतो? आणि दुसरा विचार त्याहून वाईट होता. गप्प बसावं. कुणालाच दिसलेलं नाही. अजून थोडा वेळ, की हे जिंकले. इतक्या वर्षांनी एकदा हा माणूस पोटभर जेवेल, गाढ झोपेल. त्यांना स्वतःलाही कधी कळणार नाही, कळेल ते मला एकटीला. बायका नवऱ्यांसाठी ह्याहून मोठी ओझी वाहतात.

मी तीन-चार चाली तशाच खेळले. एकदा चुकून आमच्या घोड्याऐवजी उंटच उचलला, पंचबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. समोर स्वेटर थर्मासचं झाकण उघडून त्यात चहा ओतत होता, आणि त्यानं तो अर्धा कप माझ्याकडे सरकवला. "वहिनी, तुमचा चेहरा उतरलाय. घ्या." मेल्यानं चहा दिला नसता तर कदाचित मी गप्प बसलेही असते.

पाळी त्याची होती, त्याचं घड्याळ चालू होतं. मी पंचबाईंना खूण करून उठले आणि व्हरांड्यात गेले.

हे खांबाला टेकून उभे होते. "काय? गेला का वजीर?"

"आपण जिंकतोय."

त्यांचा विश्वास बसेना. डोळे असे झाले की मला पुढचं बोलवेना. पण बोलले. आकडा, फटी, पट्टी, सगळं एका दमात सांगितलं. "आत या आणि पंचबाईंना सांगा. चूक आहे, गुन्हा नाही. तुमचंच कलम आहे, मशीनचा बिघाड झाला तर डाव पुन्हा."

ह्यांनी रुमालानं मान पुसली. चेहरा पांढराफटक. "समजा पुन्हा खेळलो," एवढंच म्हणाले, आणि ते वाक्यही पुरं केलं नाही. मग एकदम आत निघाले, मी मागोमाग.

ते पंचबाईंकडे गेलेच नाहीत. सरळ टेबलापाशी गेले, स्वेटरची पेटी उचलली आणि रुंद पट्टीत नख घालून ती टरकन ओढून काढली. सभागृहात एकच गलका झाला. पंचबाई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या.

"अहो, हे काय केलंत? सील तोडलंत!"

"फटी बुजल्या होत्या. माझ्याच पट्टीनं. पेटी तापली, म्हणून ह्यांचा प्रोग्रॅम मंदावला."

स्वेटरनं पेटीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अरे! ही तर भाजतेय."

"पण तुम्ही मला सांगायचं ना," पंचबाई म्हणाल्या. "सील तोडणारा हरला. मला दुसरं काही करताच येत नाही."

"माहीत आहे. कलम मीच लिहिलंय," हे म्हणाले, आणि चक्क हसले.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि पाहता पाहता अख्खं सभागृह उभं राहिलं. जिंकत असलेला डाव ह्या माणसानं स्वतःच्या हातानं सोडला! लोक ह्यांच्या पाठीवर थापा मारत होते. माझेही डोळे भरून आले. इतका अभिमान मला लग्नात वाटला नव्हता.

बक्षीस समारंभाला वेळ होता. आम्हाला मंचामागच्या खोलीत बसवलं. मी तोंडावर पाणी मारून आले तर हे खुर्चीत ऐसपैस बसून तोच बिस्किटांचा पुडा संपवत होते आणि दुसऱ्या हातात फोन. धाकट्या दिराशी बोलत होते.

"अरे, जिंकत होतो रे! एका प्याद्यानं पुढे होतो. सगळ्यांनी पाहिलं. हो ना, नियम म्हणजे नियम... पण जिंकत होतो."

मी दारातच थांबले. ह्यांचा आवाज मोकळा, चेहरा तर असा, की ऐन वेळी परीक्षा रद्द झालेल्या पोराचा असावा. कितीतरी दिवसांत मी त्यांना इतकं निर्धास्त पाहिलं नव्हतं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

मी फोन त्यांच्या हातातून घेतला, दिराला "नंतर बोला भावजी" म्हटलं आणि बंद केला.

"अगं..."

"पंचबाई दोन हातांवर बसल्या होत्या. त्यांना का नाही सांगितलंत?"

"सुचलं नाही त्या वेळी."

"तुम्हाला सुचलं नाही? कलमं पाठ आहेत तुम्हाला. मलासुद्धा पाठ आहेत! सांगितलं असतंत तर डाव पुन्हा झाला असता. दोन थंड पेट्या, सारख्या. आणि मग खरं काय ते कळलं असतं. तेच तुम्हाला नको होतं." माझा आवाज चढला होता, बाहेर जात असेल तर जाऊ दे. "आता जन्मभर सांगत बसाल, जिंकत होतो. सायकल गेली आणि हे आलं. आणि मी मूर्ख तिथे रडतेय अभिमानानं!"

हातातलं बिस्कीट त्यांनी परत पुड्यात ठेवलं.

"भीती वाटली गं," शेवटी म्हणाले. आवाज अगदी लहान. "सारख्या मशीनवरही हरलो, तर मग इतकी वर्षं मी त्या खोलीत बसून काय केलं?"

मला त्यांची इतकी दया आली की घरी घेऊन जावं, आणि हे पुन्हा कधी बोलूच नये असं वाटलं. पण घरी नेलं असतं तर ती भीतीही आमच्यासोबत आली असती आणि कायमची राहिली असती. मी दार उघडून सभागृहात गेले.

स्वेटर त्याच टेबलापाशी एकटा बसला होता, करंडक मिळणार असलेला माणूस दिसतो तसा मुळीच दिसत नव्हता. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "वहिनी, त्यांना विचाराल का, एक डाव खेळतील का परत? स्पर्धेचा नाही, असाच. मला ह्या जिंकण्याचं काय करावं तेच कळत नाहीये."

पंचबाई म्हणाल्या, निकाल बदलणार नाही. आम्ही म्हटलं, नको बदलू दे. मग त्यांनीच दोन्ही पेट्यांच्या पट्ट्या काढल्या, पेट्या पंख्यासमोर ठेवल्या आणि गार झाल्यावर शेजारी शेजारी मांडल्या. मी आमच्या खुर्चीत बसायला गेले तर मागून हे आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सरक. मी बसतो."

त्या डावाच्या वेळी व्हरांड्यात मी होते. लोक चहाला पांगले होते, सफाईवाला समारंभासाठी खुर्च्यांच्या रांगा लावत होता. मी काचेतून पाहायची, पुन्हा वळायची. दोन्ही आकडे सारखे होते, तिथून दिसत नव्हते तरी मला खात्री होती. आमचं काय चाललंय ते ह्यांच्या पाठीवरून ओळखायचा प्रयत्न केला, पण पाठ हलतच नव्हती. माझा जीव नुसता टांगणीला. मी मनात म्हणत होते, एकदाच जिंकू दे ह्यांना, मग पुन्हा म्हणायची, नाही, जे खरं असेल ते होऊ दे, आणि पुन्हा, पण जिंकू दे. हे इतकी वर्षं असं कसं सोसत होते कोण जाणे.

उन्हं उतरली तेव्हा डाव सोडताना करतात तसा ह्यांनी हात पुढे केल्याचं मला दिसलं. मी आत धावले. आमच्या पडद्यावर अजून फारसं काही वाईट दिसत नव्हतं. प्रोग्रॅमला कळायच्या आधी ह्यांना कळलं होतं. स्वेटरनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

बक्षीस समारंभाला आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. ह्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मी सारखी त्यांच्याकडे चोरून पाहत होते, आता काही म्हणतील, म्हणतील. ते काही म्हणाले नाहीत. रस्त्यावर आलो तरी नाही. दिवे लागले होते, दुकानं बंद व्हायला आली होती. सिग्नलपाशी आम्ही थांबलो, आणि ते समोर पाहत बोलू लागले.

"त्यानं घोडा मागे घेतला ना, तिथेच डाव गेला. आमच्या प्रोग्रॅमला वाटलं, तो पळतोय. मागे जाणारी चाल मी नेहमी कमीच धरत आलो. सुरुवातीपासून तसंच लिहिलंय." मग माझ्याकडे वळले. "मशीन पुरेसं होतं गं. मी कमी पडलो."

मला भर रस्त्यात रडू फुटलं. दुःखानं की सुटल्यासारखं वाटून, ते मला आजही सांगता येणार नाही. हिरवा दिवा लागून गेला तरी आम्ही तिथेच उभे होतो, आणि हे मला त्या घोड्याची चाल हवेत बोटानं काढून दाखवत होते.